माय, ती होडी तूच निवडली होतीस

प्रिय माय,

धाकटा गणपत आज सकाळच्या आगगाडीनं मुंबईला गेला. मला सांगून गेला नाही. त्याची रुक्मा पोरीला थोपटत बसली होती, तिला जाता जाता म्हणाला, "मायले पाहून येतो." एवढंच. बरोबर कपड्याचं बोचकंसुद्धा नाही.

जग सोडून गेलेल्या माणसाला कुणी पत्र लिहितं का? पण पुढची गाडी आता उद्याच. तोवर मी काय करू? घरात बसवत नाही, बाजारात जाववत नाही. आणि आपला गणपत माझं कधी ऐकत होता? ऐकायचा तो तुझं. म्हणून तुलाच लिहायला बसलो. शाळेतल्या गुरुजींनी शिकवलेल्या भाषेत लिहितोय. कागदावर मला तीच येते. तुझी भाषा तोंडात आहे, हाताला येत नाही. राग मानू नकोस.

तुला समुद्र पाहायचा होता. बस, एवढ्यावरून सगळं सुरू झालं. नाही का?

कापसाचे दिवस होते ते. अकोल्याच्या रस्त्यावर गाड्यांची रांग सकाळपासून हलायची नाही, आणि हवेत इतकी रुई उडायची की तू जेवताना ताटावर पदर धरायचीस. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी मढवली. घरोघरी नवे दागिने. आपल्याकडेही आलं सगळं. सगळे खूश होते, आणि तू एकदा भाकरी थापता थापता मला विचारलंस, "महादू, हे असं एकदम कावून आलं आपल्या घरी?"

मी सांगितलं, अमेरिका म्हणून एक मुलूख आहे, तिथं लढाई चालू आहे, तिकडचा कापूस विलायतेला जात नाही, म्हणून आपला जातो.

तुझा हात थांबला. "म्हंजे तिकडं मानसं मरून राहिली, म्हनून आपल्याकडं पाटल्या आल्या?"

मी हसलो. तू हसली नाहीस. त्या दिवसापासून तू नव्या पाटल्या पुन्हा घातल्या नाहीस, हे माझ्या लक्षात आलं ते तू गेल्यावर.

मग गणपत मुंबईहून आला. कापसाच्या गाठी पोचवून आला होता आणि समुद्राच्या गोष्टी सांगत होता. बंदरात साहेब लोक हौसेसाठी शिडाच्या होड्या भाड्यानं घेतात, बायकापोरांना घेऊन पाण्यावर दोन-चार दिवस फिरतात, म्हणाला. तू चुलीपाशी बसून ऐकत होतीस. "हौसेसाठी?" तू विचारलंस. "मासोळी धराले नाई, माल न्याले नाई? नुसतं पळाले?"

"नुसतं पळाले, माय."

"मंग मले ने."

साठीला आलेली बाई तू! जन्म हिवरखेडात, संसार अकोल्यात, पूर्णा नदीपेक्षा मोठं पाणी कधी पाहिलं नाही. पण पळणं मात्र तुला ठाऊक होतं. तुझा बाप शंकरपटाच्या शर्यतीत बैल उतरवायचा. बाईमाणसानं पटावर जायचं नाही, म्हणून तू लिंबाच्या झाडाआडून पाहायचीस, आणि आदल्या संध्याकाळी तुझा बाप तुला गोठ्यात नेऊन हळूच विचारायचा, "कोनती जोडी घेऊ वं?" हे तू आम्हाला किती वेळा सांगितलं असशील! गावात कुणालाच माहीत नव्हतं, की जिंकणारी जोडी एक परकरी पोरगी निवडते.

वैशाखात निघालो. आगगाडी तेव्हा अकोल्याला आली नव्हती. रूळ होते तिथवर बैलगाडीनं गेलो आणि मग गाडीत बसलो. तू, मी, गणपत आणि त्याची रुक्मा. माझी बायको पोरांसाठी घरी राहिली. बरोबर आपला शेजारी रहीमचाचा, त्याचा माल मुंबईच्या गोदामात पडून होता. गाडीनं वेग धरला तशी तू खिडकीच्या गजाला तोंड लावलंस. डोळ्यात कोळशाची कुसळं गेली तरी मागं सरली नाहीस.

बंदरावर पोचलो तेव्हाच मला काहीतरी खटकलं होतं. सगळीकडे होड्या वर ओढणं चाललं होतं. माणसं दोराला लागून ओरडत होती, आणि वाळूत उपड्या घातलेल्या होड्यांना तेल चोपडत होती. पावसाळ्याआधी असंच करतात, म्हणाले. पाण्यात उरल्या होत्या मोजक्याच, आणि भाड्यानं मिळण्यासारख्या तीन.

पहिला एक पडाव. रुंद, काळा, गाभण म्हशीसारखा. दुसरा मचवा. त्यावर सावलीला कापड ताणलेलं, चूल मांडायला जागा. रहीमचाचा तिथंच थांबला. "भाभी, हा घ्या. निजता येते, बसता येते, पोराईले भाकर करता येते. आपल्याले कोनाच्या बापाच्या घरी आग लागली हाय पळाले?"

आणि तिसरी ती.

ओहोटी होती, म्हणून ती चिखलात एका अंगावर कलंडली होती. पांढरी. इतकी निमुळती की दोन माणसं शेजारी बसली तर खांदे घासावेत. पण डोलकाठी केवढी उंच! एका साहेबानं शर्यतीसाठी बांधून घेतलेली, तो विलायतेला परत गेला, आणि आता ती एका व्यापाऱ्यानं घेतली होती. पुढच्या बाजूला तिचं नाव होतं ते कुणीतरी खरवडून काढलं होतं. नवं घातलं नव्हतं.

तू चपला काढल्यास, लुगडं वर खोचलंस आणि थेट चिखलात उतरलीस. तिच्या कुशीवरून हात फिरवलास. मागं गेलीस, पुढं आलीस, खाली वाकून पोट पाहिलंस. बैल पाहावा तसं! बंदरावरची माणसं कामं टाकून बघत होती.

"हे पळते," तू म्हणालीस.

तिचा तांडेल, म्हणजे होडी हाकणारा मुख्य माणूस, धक्क्यावर उकिडवा बसला होता. पन्नाशीचा कोळी. तो उठला, आणि मला वाटलं आता होडीचे गुण सांगेल. तो म्हणाला, "बाय, ती पलते. पन ती थांबत नाय."

"म्हंजे?"

"वारा भरला की आयकत नाय. मी बी तिच्यावर नवीनच हाय. मला इचाराल तर मचवा घ्या."

ज्याचं पोट त्या भाड्यावर तोच माणूस नको म्हणतोय! माय, तेव्हा तरी तू थांबायला हवं होतंस ना? मी म्हटलं, "माय, मचवा बरा हाय." रहीमचाचा म्हणाला, "भाभी, मले तं हिचा रंगच बरोबर दिसून नाई राहिला. कफनासारखी पांढरी हाय." रुक्मानं तुझा पदर धरला होता. आणि गणपत? तो तुझ्याकडे बघत होता, लहानपणी जत्रेत बघायचा तसा.

तू मला म्हणालीस, "महादू, मले कुठं पोचाचं नाई. मले पळनं पाहाचं हाय. जलमभर झाडामांगून पाहिलं."

मी भाड्याचे पैसे मोजले.

रहीमचाचा काही आला नाही. "मी गोदामात झोपतो, तुमी या," म्हणाला, आणि धक्क्यावर उभा राहिला. आम्ही दिसेनासे होईपर्यंत उभाच होता.

पहिला दिवस मात्र तुझा होता, माय! तो मी नाकारणार नाही. शिडात वारा भरला आणि ती होडी अशी उसळली की मी दोन्ही हातांनी काठ धरला. पाणी दोन्ही बाजूंनी फाटत होतं. दुसऱ्या होड्या आमच्या मागं पडत होत्या, जणू कुणीतरी त्यांना दोरीनं मागं खेचत होतं. तू पुढच्या टोकाला बसली होतीस, डोक्यावरचा पदर उडाला होता, पांढरे केस सुटले होते, आणि तू हसत होतीस. मी तुला तसं हसताना कधी पाहिलं नव्हतं. आमचा बापू गेल्यापासून तर नाहीच. "आता समजलं मले, पाखरं कावून उडतात!" तू ओरडलीस. गणपत टाळ्या पिटत होता. तांडेल तेवढा शिडाकडे बघत होता. सबंध वाटेत त्यानं मान खाली केली नाही.

संध्याकाळी पलीकडच्या किनाऱ्याला, मांडव्याला लागलो. तिथल्या एका कोळणीनं आम्हाला अंगण दिलं, पाणी दिलं, कुठून आलात विचारलं. गणपतनं बोट दाखवलं. तिनं त्या पांढऱ्या होडीकडे पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला.

"अजून फिरते व्हय ती?"

"कावून, काय झालं?" तू विचारलंस.

ती आत गेली. मग बाहेर येऊन एवढंच म्हणाली, "उद्या जाव नका. पानी जड झालंय." मी तांडेलाला विचारलं, हिला या होडीचं काय माहीत आहे? तो म्हणाला, मला माहीत नाही, मी नवीन आहे. खरं बोलत होता की नाही, मला आजही कळलेलं नाही.

सकाळी समुद्र तेलासारखा पडला होता. एक लाट नाही. किनाऱ्यावर एक पक्षी नाही. काल सकाळपासून डोक्यावर ओरडणारे ते पांढरे पक्षी गेले कुठं? तांडेल म्हणाला, थांबू. दुपारी जरासा वारा सुटला तसा गणपत उठला. त्याला परत पोचायचं होतं. रहीमचाचा वाट बघत असेल, म्हणाला. पण मला माहीत आहे, त्याला पुन्हा पळायचं होतं. तांडेल तुझ्याकडे पाहू लागला. कुणास ठाऊक का, सगळे निर्णय तुझ्याकडेच येत होते.

तू आकाशाकडे पाहिलंस. बराच वेळ पाहिलंस. मग म्हणालीस, "चला."

काय पाहिलंस गं तू? हे मी तुला रोज विचारतो. तुला आभाळ कळायचं. खळ्यावर धान्य पसरलेलं असताना तू आमच्याआधी धावायचीस. मग त्या दिवशी नैऋत्येला ती काळी रेघ तुला दिसली नाही? की दिसली, आणि तुला वाटलं ही होडी तिच्याआधी पोचेल?

मध्यावर आलो आणि वारा पडला. शीड लोंबलं. इतकी शांतता की रुक्माच्या बांगड्यांचा आवाज मोठा वाटला. तांडेल एकदम ओरडला, "शीड उतरवा! बिगी!" त्याचे दोघं खलाशी दोराला लागले. दोर वर कप्पीत अडकला. ते ओढत होते, तांडेल शिव्या देत होता, आणि मी मागं वळून पाहिलं तर पाणी पांढरं होत आमच्याकडे धावत येत होतं.

एकच फटका. होडी कलंडली आणि पुन्हा उभी राहिलीच नाही.

मला पोहता येत नाही. तांडेलानं माझी बंडी धरून मला होडीच्या कडेवर ओढलं. म्हणून मी वर होतो, आणि वर होतो म्हणून मला सगळं दिसलं. गणपत विहिरीत पोहणारा. त्यानं तुला गाठलं होतं. तुझं मनगट त्याच्या हातात होतं. तुझं लुगडं पाण्यानं जड होऊन तुला खाली ओढत होतं, तरी त्यानं तुला धरलं होतं, माय, घट्ट धरलं होतं! आणि दुसऱ्या बाजूला रुक्मा लांब लांब जात होती.

तू ओरडलीस, "तुही बायको चालली! तिले धर!"

त्यानं तुला सोडलं नाही. तेव्हा तू दुसऱ्या हातानं त्याची बोटं उचकटलीस. एकेक करून. मी पाहिलं. तुझ्या ओठांची हालचाल पाहिली, पण शब्द वाऱ्यानं नेले. गणपत वळला आणि रुक्माकडे गेला. त्यानं तिचे केस धरले. मग मागं पाहिलं.

तिथं नुसतं पाणी होतं.

एका मोठ्या गलबतानं आम्हाला उचललं. बाकी सगळे वाचले, तांडेल, खलाशी, सगळे. तू सापडली नाहीस. आम्ही दोघं भाऊ किनाऱ्या-किनाऱ्यानं गावोगाव विचारत फिरलो. शेवटी रहीमचाचानं आम्हाला हाताला धरून गाडीत बसवलं.

तेव्हा तू काय म्हणालीस ते गणपतनं कुणाला सांगितलं नाही. पण महिन्याभरानं रुक्मा माझ्या बायकोजवळ रडली, तेव्हा तू काय म्हणाली असशील ते मी ओळखलं. तिला दिवस गेले होते आणि ते फक्त तुला ठाऊक होतं. मुंबईला निघायच्या आधीपासून ठाऊक होतं! मग माय, अशा पोरीला तू त्या होडीत बसवलंस? एवढाच माझा तुझ्यावर राग आहे. दुसरा कसलाही नाही. तू तिला वाचवलंस हे खरं. पण मचवा घेतला असता तर वाचवायची वेळ आली असती का?

तुझं शरीर मिळालं नाही, म्हणून भटजींनी दर्भाची बाहुली करून तिचे संस्कार करायला सांगितले. मी केले. गणपत आला नाही. त्यानं डोकं भादरू दिलं नाही. "माय मेली हे कोनं पाहिलं?" म्हणाला. मी म्हटलं, "तिनंच हात सोडवला, मी पाहिलं." तो म्हणाला, "तू दूर होता. मी सोडला."

तेव्हापासून त्याच्याशी बोलणं म्हणजे बंद दाराशी बोलणं. मुलगी झाली. गोरी, तुझ्यासारखी रुंद कपाळाची. सगळे म्हणाले, माय परत आली. गणपत उठून बाहेर गेला. "माय तिकडं हाय," एवढं मात्र मी ऐकलं.

हिवाळ्यात तो गाठी पोचवायच्या निमित्तानं मुंबईला जाऊ लागला आणि जास्त जास्त राहू लागला. आम्हाला वाटलं, बरं आहे, कामात मन रमतंय. लढाई संपली, कापसाचा बाजार पडला, न्यायला गाठी उरल्या नाहीत. तरी तो दर हिवाळ्यात जातच राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

काल रहीमचाचा मुंबईहून परतला आणि घरीही न जाता आधी आपल्याकडे आला. ओट्यावर बसला, पाणी घेतलं नाही. "महादू, ती होडी वर काढली लोकायनं. निळा रंग देला. पुन्हा भाड्यानं देऊन राहिले." मला वाटलं एवढंच सांगायला आला असेल. मग तो हळू आवाजात म्हणाला, "गणपतनं तीच होडी ठरवली. सारा हिवाळा त्या तांडेलापाशी शीड धराले शिकत होता थो. तांडेलानं पाय धरले त्याचे, जाऊ नको म्हनून. तं म्हने, तू नको येऊ, मले होडीच पाह्यजे. एकट्याले."

रात्री मी गणपतला विचारायचं ठरवलं होतं. तो जेवला, पोरीला मांडीवर घेतलं, हसलासुद्धा. किती महिन्यांनी हसला! मी मनात म्हटलं, आज नको, सकाळी बोलू. आणि सकाळी तो नव्हता.

वैशाख उतरणीला लागला आहे. आज दिवसभर इथं अकोल्यातही पान हललेलं नाही.

दुपारी रुक्मा माझ्यासमोर आली. तुला माहीत आहे, मी तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, ती माझ्यापुढे कधी उभी राहत नाही, जे काही असेल ते दाराआडून. आज उंबरा ओलांडून आली, पोरीला कडेवर घेऊन. पदर डोक्यावर होता, पण नजर खाली नव्हती. "दादा, त्याईले घेऊन या. मायनं मले त्याईच्यासाठी वाचवलं, अशी मांगं उराले नाई."

मी म्हटलं, "आनतो."

माय, आता तुझ्याकडे एकच मागणं आहे. तो माझ्याआधी पाण्यावर पोचला, तर तू त्याला दिसू नकोस. त्यानं हाक मारली तरी ओ देऊ नकोस. लहानपणी तो तुझ्यामागं शेतात यायचा तेव्हा तू ढेकूळ उचलून त्याला घरी पळवायचीस, तसं पळव. त्याला रागाव, शिव्या दे, पण जवळ घेऊ नकोस. घेणार नाहीस ना?

आणि माझा शब्द घे. मी पुन्हा समुद्राचं तोंड पाहणार नाही असं ठरवलं होतं, ते आज मोडतो. उद्या गाडीत बसतो, उतरलो की थेट बंदरावर. तो धक्क्यावर भेटला तर ओढून आणीन, मारीन प्रसंगी. पण त्यानं शीड चढवलेलं असेल आणि तो ऐकत नसेल, तर मीही त्या होडीत बसेन. हे मी रुक्माला सांगितलेलं नाही, माझ्या बायकोलाही नाही. फक्त तुला सांगतो. आम्ही दोघं परत येऊ, माय. एकटा मी येणार नाही.

तुझा थोरला,
महादू